सिंगापूरचा कोटा आणि स्थानिक कर्मचाऱ्याचं समाधान: मोजायचं कसं, सांभाळायचं कसं

सिंगापूरमध्ये हॉटेल, दुकान किंवा साफसफाईची कंपनी चालवणाऱ्याला एक गणित तोंडपाठ असतं: इतकी स्थानिक माणसं असली की इतके परदेशी कामगार ठेवता येतात. ते गणित बदललं की स्थानिक कर्मचाऱ्याचं कामावरचं मन कसं बदलतं, हे मात्र सहसा कुणी मोजत नाही. राजीनामा टेबलावर येतो तेव्हा कारण विचारलं जातं, आणि तेव्हा खरं उत्तर मिळत नाही.

ते वेळेत कसं मोजायचं आणि हाती काय उपाय असतात, हे इथे क्रमाने सांगितलं आहे. उदाहरण म्हणून वीस माणसांचं भारतीय जेवणाचं एक हॉटेल धरलं आहे, कारण सर्व्हिस क्षेत्रातला कोटा सगळ्यात घट्ट आहे. सगळे डॉलर सिंगापूरचे आहेत. मनुष्यबळ मंत्रालय जवळपास दरवर्षी बजेटनंतर काही ना काही बदलतं, म्हणून स्वतःचा हिशेब करताना त्या दिवसाचा आकडा मंत्रालयाच्या संकेतस्थळावरच्या कोटा कॅल्क्युलेटरवर पडताळून घ्या.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करा. परदेशी मनुष्यबळाचं धोरण कर्मचाऱ्यापर्यंत आधी ड्युटी चार्टमधून पोचतं, पगारपत्रकातून नंतर. म्हणून आधी चार्ट तपासायचा आणि मग प्रश्नावली वाटायची. हा क्रम उलटा झाला तर प्रश्न चुकीचे विचारले जातात आणि उत्तरांचा अर्थही चुकीचा लावला जातो.

पहिली पायरी: आपल्या कंपनीला कोटा किती टोचतो ते काढा

सर्व्हिस क्षेत्रात वर्क परमिट (साध्या कामांचा परवाना) आणि एस पास (मधल्या कौशल्याच्या कामांचा) मिळून परदेशी कामगार एकूण मनुष्यबळाच्या ३५ टक्क्यांपर्यंत ठेवता येतात. त्यातले एस पासवाले १० टक्क्यांपर्यंत. एम्प्लॉयमेंट पासवाले, म्हणजे वरच्या पगाराचे व्यावसायिक, या हिशेबात धरत नाहीत. ही मर्यादा आधी ४० टक्के होती. २०१९ च्या बजेटमध्ये कपात जाहीर झाली, १ जानेवारी २०२० ला ती ३८ वर आली आणि १ जानेवारी २०२१ ला ३५ वर. तुलनेसाठी, कारखानदारीत हीच मर्यादा ६० टक्के आहे आणि बांधकामात एका स्थानिकामागे पाच परदेशी चालतात.

स्थानिकांची मोजणी सीपीएफच्या, म्हणजे सिंगापूरच्या भविष्य निर्वाह निधीच्या, भरण्यावरून होते. जुलै २०२४ पासून महिन्याला १,६०० डॉलर किंवा जास्त पगार असलेला स्थानिक म्हणजे एक माणूस, ८०० ते १,६०० च्या आतला म्हणजे अर्धा, आणि ८०० च्या खाली शून्य. परदेशी कामगार ठेवणाऱ्या कंपनीने पूर्णवेळ स्थानिकांना किमान १,६०० द्यावेच लागतात, त्यामुळे अर्ध्याचे बहुतेक मानकरी अर्धवेळ कामवाले असतात.

सूत्र सोपं आहे. स्थानिकांच्या संख्येला ०.५३८५ ने (३५ भागिले ६५) गुणा आणि अपूर्णांक सोडून द्या. आपल्या हॉटेलात १३ स्थानिक आहेत. १३ गुणिले ०.५३८५ म्हणजे ७. एकूण २०, कोटा काठोकाठ भरलेला.

आता एक स्थानिक वेटर नोकरी सोडतो. १२ गुणिले ०.५३८५ म्हणजे ६.४६, म्हणजे सहा. सातवा परदेशी कामगार आता कोट्याबाहेर गेला. त्याच्या परमिटचं नूतनीकरण अडतं, आणि जादा कामगार तसाच ठेवला तर परमिट रद्दही होऊ शकतं. एक स्थानिक गेला आणि दोन माणसं कमी झाली. कोट्याचा खरा दणका हाच आहे, आणि तो कंपनीपेक्षा मागे राहिलेल्या बारा स्थानिकांना जास्त बसतो. आठवड्याचे ४४ तास धरले तर वीस जणांचे ८८० तास होते, आता ७९२ उरले. ८८ तासांचं काम अठरा जणांत वाटलं की प्रत्येकाच्या वाट्याला आठवड्याला जवळपास पाच तास वाढले. हे तास सगळ्यांत सारखे वाटले जात नाहीत, हे पुढच्या पायरीत दिसेलच.

दोन आकडे लिहून ठेवा. पहिला, सध्याची टक्केवारी. दुसरा, किती स्थानिक गेले तर एक परदेशी परमिट जाईल. दुसरा आकडा एक असेल तर तुमची कंपनी कोट्याच्या काठावर आहे. तीन-चार असेल तर धोरण बदललं तरी तुमच्या माणसांना ते फारसं जाणवणार नाही, आणि समाधान घसरलं तर त्याचं कारण दुसरीकडे शोधायला हवं.

भारतीय हॉटेलवाल्यांसाठी आणखी एक बारकावा. भारत, बांगलादेश, श्रीलंका, फिलिपिन्स, म्यानमार, थायलंड या देशांतून सर्व्हिस क्षेत्रात वर्क परमिटवर माणूस आणायचा तर काम मंत्रालयाच्या ठरलेल्या यादीत असावं लागतं. त्याला किमान २,००० डॉलर पक्का मासिक पगार द्यावा लागतो आणि अशांची संख्या एकूण मनुष्यबळाच्या ८ टक्क्यांत बसावी लागते. स्वयंपाकी या यादीत आहेत. वीस माणसांचे ८ टक्के म्हणजे १.६, म्हणजे भारतातून आलेला एकच आचारी. दुसरा हवा असेल तर तो एस पासवर आणावा लागतो, ज्याचा किमान पगार सप्टेंबर २०२५ पासून ३,३०० डॉलर आहे, वयानुसार आणखी वाढतो, आणि वर ६५० डॉलर लेव्ही, म्हणजे परदेशी कामगारामागे मालकाने सरकारला भरायची रक्कम. बाकीचे परदेशी मलेशिया, चीनकडचे. समोरच्या स्थानिक कॅप्टनला मात्र एवढंच दिसतं की बाहेरून आलेल्या आचाऱ्याला आपल्यापेक्षा जास्त पगार आहे. नियमानेच तो तेवढा द्यावा लागतो, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

दुसरी पायरी: बारा आठवड्यांचे ड्युटी चार्ट पुढ्यात घ्या

बदलाच्या आधीचे बारा आठवडे आणि नंतरचे बारा. चिनी नववर्ष, दिवाळी आणि शाळेच्या सुट्ट्यांचे आठवडे मध्ये येत असतील तर ते वगळा, नाहीतर आदल्या वर्षीच्या त्याच आठवड्यांशी तुलना करा. सणाच्या गर्दीचा थकवा धोरणाच्या खात्यावर लिहिला जाणं ही नेहमी होणारी चूक आहे.

प्रत्येक स्थानिक कर्मचाऱ्यासाठी एका ओळीत पुढच्या गोष्टी मोजा:

शुक्रवार-शनिवारच्या रात्रीच्या शिफ्ट किती.
मध्ये तीन तास मोकळे सोडलेल्या तुटक शिफ्ट किती.
रात्री बंद करून सकाळी उघडायला तोच माणूस, असं किती वेळा झालं.
चार्ट लागल्यावर दोन दिवसांच्या आत बदल किती वेळा झाला.
ओव्हरटाइमचे तास किती.
मागितलेल्या सुट्ट्या किती आणि मिळालेल्या किती.
नव्या माणसाला शिकवण्यात गेलेले दिवस किती.
सुपरवायझर नसताना, वेगळा भत्ता न घेता, त्याचं काम केलेले दिवस किती.

शेवटच्या दोन गोष्टी छापील चार्टमध्ये सापडत नाहीत. त्या शिफ्टच्या वहीतून किंवा कर्मचाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून काढाव्या लागतात. कंटाळवाणं काम आहे, पण सोडू नका. आमच्या मते सगळ्या तपासणीत सर्वाधिक माहिती याच दोन रकान्यांत असते. स्थानिक माणूस मनात धरून बसतो ते बहुधा हे न मोजलेलं, न दिलेलं काम.

ओव्हरटाइमचे तास काढताना कायद्याची रेघही शेजारी आखून ठेवा. एम्प्लॉयमेंट ॲक्टचा तासांबद्दलचा भाग श्रमिक वर्गात ४,५०० डॉलरपर्यंत आणि इतरांना २,६०० डॉलरपर्यंतच्या मूळ पगाराला लागू होतो. त्यांच्यासाठी महिन्याला ओव्हरटाइमची मर्यादा ७२ तास आहे आणि दर दीडपट. तासाचा दर असा काढतात: मासिक मूळ पगार गुणिले १२, भागिले (५२ गुणिले ४४). मूळ पगार २,०८० असेल तर तासाला १०.९१ आणि ओव्हरटाइमला १६.३६ डॉलर. पगारपत्रकातला आकडा याच्याशी जुळत नसेल तर समाधान मोजण्याआधी ती चूक सुधारा. पैशाची चूक उघडी असताना घेतलेल्या सर्वेक्षणात दुसरं काहीच ऐकू येत नाही.

चार्टमधून काय दिसतं याचा नमुना म्हणून शनिवारी संध्याकाळी साडेसातची वेळ घ्या. तंदूरवरचा परदेशी आचारी कोट्यापायी गेला आहे. करीवरचा माणूसच मध्येमध्ये तंदूर बघतो. नान दहा मिनिटं उशिरा येतात. टेबल क्रमांक नऊ चिडतं, आणि ते बोलणं आत स्वयंपाकघरात कुणी ऐकत नाही. ते ऐकतो बाहेर उभा असलेला स्थानिक वेटर. त्याच्या शिफ्टचे तास तेवढेच आहेत, पगार तेवढाच आहे, चार्टमध्ये त्याची ओळ बदललेली नाही. तरी त्याचं काम बदललं आहे. म्हणून स्वयंपाकघरातली रिकामी जागा आणि बाहेरच्या कर्मचाऱ्यांच्या तक्रारी या दोन गोष्टी एकाच तक्त्यात तारखेवार शेजारी मांडा. वेगवेगळ्या फायलींत ठेवल्या की हा धागा हाती लागत नाही.

अर्धवेळ कामवाल्यांकडेही याच वेळी बघा. कोटा वाचवण्यासाठी कंपन्या दोन अर्धवेळ स्थानिक घेतात. कोट्याच्या हिशेबात ते मिळून एक होतात. पण दोघांनाही शनिवारी रात्री साडेअकरापर्यंत थांबायचं नसतं, आणि ती शिफ्ट फिरून पूर्णवेळच्या स्थानिकाकडेच येते. कोटा कागदावर सुटलेला असतो आणि जड शिफ्ट तिथेच असतात. पूर्णवेळवाल्यांच्या शनिवारच्या रात्री अर्धवेळ माणसं आल्यावर वाढल्या की कमी झाल्या, हे मोजल्याशिवाय नवी भरती यशस्वी झाली असं म्हणू नका.

तिसरी पायरी: स्थानिक म्हणजे कोण ते प्रश्नावलीआधी ठरवा

कोट्याच्या मोजणीत नागरिक आणि कायमचे रहिवासी, म्हणजे पीआर, दोघेही स्थानिक. जेवणाच्या सुट्टीत एका टेबलावर बसणाऱ्यांच्या मनात तसं नसतं. पुण्या-मुंबईहून येऊन दहा वर्षं झालेला पीआर सरकारी हिशेबात स्थानिक धरला जातो, आणि शेजारी बसलेला इथेच जन्मलेला सहकारी त्याला परदेशीच समजत असतो. सिंगापूरमधल्या मराठी माणसांना ही अडचण नवी नाही. प्रश्नावलीत ‘तुम्ही स्थानिक आहात का’ असा एकच रकाना ठेवला तर या दोघांची उत्तरं एकात मिसळतात, आणि दोन्ही गटांतला फरक नाहीसा होतो. तीन पर्याय ठेवा: जन्माने नागरिक, नंतर नागरिकत्व घेतलेला, पीआर. एखाद्या गटात पाचपेक्षा कमी माणसं असतील तर अहवालात तो गट वेगळा दाखवू नका. वीस माणसांच्या हॉटेलात ‘पीआर, महिला, कॅश काउंटर’ एवढं लिहिलं की नाव लिहिल्यासारखंच आहे.

चौथी पायरी: प्रश्नावली

स्वतः प्रश्न रचत बसण्यापेक्षा तपासून झालेलं साधन घ्या. पॉल स्पेक्टर यांचं १९८५ चं जॉब सॅटिस्फॅक्शन सर्व्हे यासाठी सोयीचं आहे. त्यात ३६ विधानं आहेत, नऊ अंगं, प्रत्येक अंगाची चार विधानं, आणि १ ते ६ असं उत्तर. अभ्यासासाठी वापरायला ते मोकळं आहे, व्यापारी कामासाठी परवानगी घ्यावी लागते. सगळी ३६ विधानं देण्याची गरज नाही. कोट्याच्या प्रश्नासाठी पगार, बढती, वरिष्ठ, सहकारी आणि कामाची व्यवस्था ही पाच अंगं पुरतात. वीस विधानं म्हणजे दहा मिनिटांचं काम.

गुण देताना उलटी विधानं सांभाळा. ‘माझ्या कामात बढतीची संधी फारच कमी आहे’ अशा धाटणीच्या विधानाला ६ दिले तर ते असमाधान आहे, म्हणून ७ मधून ते वजा करून १ धरायचं. हे विसरलं की एकाच अंगातली दोन विधानं एकमेकांना खोडतात आणि सगळ्यांची सरासरी मधोमध येऊन बसते. सरासरी संशयास्पदपणे मधोमध दिसली तर आधी हीच चूक शोधा. एका अंगाच्या चारपैकी एक उत्तर रिकामं असेल तर बाकी तिघांची सरासरी भरा. दोन रिकामी असतील तर त्या माणसाचं ते अंग सोडून द्या.

भाषेचा प्रश्न सिंगापूरमध्ये टाळता येत नाही. इंग्रजी, मँडरिन, मलय आणि तमिळ या चारही भाषांत कागद हवा. भाषांतर एकाने करावं आणि दुसऱ्याने मूळ न बघता ते परत इंग्रजीत आणावं. नकारार्थी विधानांत सर्वाधिक घोळ होतो. ‘मला असं वाटत नाही की…’ अशा वाक्याला ‘असहमत’ म्हणायचं म्हणजे नेमकं काय, यात दमलेला माणूस हमखास अडकतो. तपासणी सोपी आहे: त्याच अंगातलं सरळ विधान आणि उलटं विधान, दोन्हींना ५-६ दिलेली उत्तरं किती आहेत ते बघा. दहातल्या दोनांपेक्षा जास्त असतील तर भाषांतर बदला.

यात पाच प्रश्न आपल्याकडून जोडा. ‘परदेशी सहकाऱ्यांबद्दल तुम्हाला काय वाटतं’ हा प्रश्न मात्र कधीही घालू नका. त्यावर लोक शोभेल असं उत्तर देतात, आणि ज्यांच्या मनात काही नव्हतं त्यांच्या मनात ते पेरलं जातं. घडलेलं विचारा:

गेल्या चार आठवड्यांत तुमची शिफ्ट आयत्या वेळी किती वेळा बदलली?
गेल्या चार आठवड्यांत, तुमचं नसलेलं काम माणूस कमी म्हणून किती दिवस केलंत?
तुमच्याइतकंच काम करणाऱ्याच्या तुलनेत तुमचा पगार रास्त वाटतो का? (१ ते ६)
दोन वर्षांनी तुम्ही याच कंपनीत कोणत्या पदावर असाल असं वाटतं? (एका ओळीत)
पुढच्या सहा महिन्यांत दुसरी नोकरी शोधण्याचा विचार आहे का? (१ ते ६)

चौथ्या प्रश्नाला रिकामी सोडलेली जागा हेही उत्तर आहे. ती मोजा.

पाचवी पायरी: कधी आणि कुणाला

एकदाच घेतलेलं सर्वेक्षण या कामात निरुपयोगी आहे. तीन फेऱ्या हव्यात: बदलाच्या चार आठवडे आधी, सहा आठवड्यांनी, आणि सहा महिन्यांनी. पगाराचा आठवडा आणि वर्षअखेरच्या बोनसचा महिना टाळा. बदल जाहीर झाल्याची तारीख आणि लागू झाल्याची तारीख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ३५ टक्क्यांची कपात लागू होण्याच्या जवळजवळ दोन वर्षं आधी जाहीर झाली होती, म्हणजे हुशार कंपन्यांनी चार्ट आधीच बदलायला घेतले असणार. तुमची ‘आधीची’ फेरी जाहीर झाल्यानंतरची असेल तर परिणामाचा काही भाग तिच्यात आधीच शिरलेला असतो.

तीन फेऱ्यांत तोच माणूस ओळखता यावा, पण नाव कळू नये, म्हणून प्रत्येकाने स्वतःचा सांकेतिक क्रमांक बनवावा: आईच्या नावाची पहिली दोन अक्षरं आणि स्वतःच्या जन्मतारखेतला फक्त दिवस. कागद बंद पेटीत, सुपरवायझरच्या हाती नाही.

मधल्या काळात नोकरी सोडून गेलेल्यांना विसरू नका. सर्वात नाराज माणसं निघून गेली की उरलेल्यांची सरासरी आपोआप सुधारते. तिसऱ्या फेरीत समाधान वाढलेलं दिसतं आणि व्यवस्थापन खूश होतं. आधीच्या फेरीतले गुण, गेलेले आणि राहिलेले असे दोन गट करून शेजारी ठेवा. गेलेल्यांचे गुण कमी असतील तर ती वाढ खरी नाही.

सहावी पायरी: आकड्यांचा अर्थ

बऱ्याच शाखा असलेल्या कंपनीत लोक एक चूक करतात. कोटा त्या क्षेत्रातल्या सगळ्या कंपनीला मिळून लागू होतो, शाखेला नाही. कुठल्या शाखेतला माणूस कमी करायचा हे व्यवस्थापन ठरवतं, आणि ते बहुधा मुळात कमी चालणाऱ्या, आधीच कुरकुरणाऱ्या शाखेतून करतं. म्हणून ‘कपात झालेल्या शाखेत समाधान कमी आहे’ एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. दोन्हीकडचा आधीचा आणि नंतरचा आकडा हवा.

असं समजा की कामाच्या व्यवस्थेचं अंग (४ ते २४ गुण) कपात झालेल्या शाखेत १५ वरून १३ वर आलं आणि कपात न झालेल्या शाखेत १५.५ वरून १५ वर. पहिलीकडे २ ची घट, दुसरीकडे ०.५ ची. म्हणजे कपातीच्या खात्यावर १.५. उरलेला ०.५ बाजारातल्या, हवेतल्या, सगळ्यांना लागू असलेल्या कारणांचा. ही वजाबाकी केल्याशिवाय कुठलाही आकडा धोरणाच्या नावावर टाकू नका.

किती माणसं लागतात? तोच माणूस दोनदा विचारला जात असेल आणि मध्यम आकाराचा फरक पकडायचा असेल, तर ढोबळमानाने ३४ जण. दोन वेगवेगळ्या गटांची तुलना असेल तर प्रत्येकी ६४. तेरा स्थानिकांच्या हॉटेलात संख्याशास्त्राचा आव आणू नका. तिथे चार्टचे रकाने आणि प्रत्येकाशी वीस मिनिटं बोलणं हेच खरं साधन आहे.

एकाच वेळी दुसरं काही बदललं का, हेही तपासा. खाद्यसेवेत १ मार्च २०२३ पासून प्रोग्रेसिव्ह वेजचे, म्हणजे कामाच्या पायरीनुसार चढणाऱ्या पगाराचे, किमान दर लागू झाले, आणि जुलै २०२४ मध्ये स्थानिकांची १,६०० ची रेघ आली. या तारखांच्या आसपास पगाराच्या अंगात झालेली वाढ कोट्याची नव्हे. अशा वेळी पगाराचं अंग बाजूला ठेवून कामाच्या व्यवस्थेच्या आणि बढतीच्या अंगावर भर द्या.

आणि निकालाबद्दल आधीच मत बनवू नका. परदेशी कमी झाले की स्थानिकांचं भलं होतं, असं सरळ दिसत नाही. अमेरिकेने मेक्सिकोच्या शेतमजुरांचा ब्रासेरो करार १९६४ च्या अखेरीस संपवला. त्या मजुरांवर जास्त विसंबलेल्या राज्यांत पुढे स्थानिक शेतमजुरांची मजुरी इतर राज्यांपेक्षा वेगाने वाढली नाही, असं नंतरच्या अभ्यासात दिसलं. शेतमालकांनी यंत्रं आणली, काही पिकं सोडून दिली. उलट डेन्मार्कमध्ये, निर्वासित ज्या गावांत वसवले गेले तिथले कमी शिकलेले स्थानिक कामगार अंगमेहनतीच्या कामांतून अधिक कौशल्याच्या कामांकडे सरकले. सिंगापूरच्या हॉटेलातही फरक याच ठिकाणी पडतो: स्थानिक वेटरला चढायला पुढची पायरी आहे का. ती असेल तर सोबत परदेशी कामगार असणं त्याला वर ढकलतं. नसेल तर तो त्याच जागी अडकल्याचं दुःख शेजारच्या माणसावर काढतो.

सातवी पायरी: उपाय, खर्चासकट

पहिला उपाय लेव्हीत दडलेला आहे. सर्व्हिस क्षेत्रात वर्क परमिटची लेव्ही टप्प्याने चढते. पहिल्या १० टक्क्यांपर्यंत कमी कौशल्याच्या कामगाराला महिन्याला ४५० आणि जास्त कौशल्याच्याला ३००, पुढे २५ टक्क्यांपर्यंत ६०० आणि ४००, त्यापुढे ३५ पर्यंत ८०० आणि ६००. आपल्या सातही परदेशी कामगारांना कमी कौशल्याच्या दरात धरलं तर दोन गुणिले ४५०, तीन गुणिले ६००, दोन गुणिले ८००, म्हणजे महिन्याला ४,३०० डॉलर. तेच सात जण अनुभव, पगार आणि मान्य कौशल्य-चाचणीच्या अटी पुऱ्या करून वरच्या वर्गात गेले तर ३,०००. फरक १,३०० डॉलर. तेरा स्थानिकांना महिन्यातल्या पाच-पाच जड शिफ्टना प्रत्येकी २० डॉलर भत्ता दिला तर बरोबर १,३०० होतात. परदेशी सहकाऱ्याचं कौशल्य वाढलं की स्थानिकाच्या शनिवारच्या रात्रीला पैसे मिळतात, ही गोष्ट दोन्ही बाजूंना सांगण्यासारखी आहे, म्हणून ती मुद्दाम सांगा. लेव्ही मात्र कामगाराच्या पगारातून कापायची नाही. ती मालकाने भरायची असते.

दुसरा उपाय, काठावर राहू नका. पंधरा स्थानिक असतील तर आठ परदेशी चालतात, पण सात ठेवा. एक स्थानिक गेला तरी सगळा चार्ट कोसळत नाही. शेवटचा टप्पा सर्वात महाग असल्याने ही मोकळी जागा वाटते तेवढी महाग पडत नाही.

तिसरा, खर्च उघड करा. परदेशी माणूस स्वस्त पडतो म्हणून आणला, असं स्थानिकांना वाटत असतं. त्याचा पगार, लेव्ही, राहण्याची सोय, वर्षाला किमान ६०,००० डॉलरचं वैद्यकीय विमा संरक्षण आणि मलेशियन नसेल तर ५,००० डॉलरची सुरक्षा हमी, हे सगळं एका कागदावर, नावं न घालता, स्थानिकाच्या पगार आणि १७ टक्के सीपीएफच्या शेजारी मांडा (१७ टक्के हा पंचावन्न वर्षांपर्यंतचा मालकाचा वाटा). बहुतेक वेळा दोन्ही बेरजा जवळ येतात. हे तोंडी सांगून पटत नाही, कागद लागतो.

चौथा, चार्ट चौदा दिवस आधी लावा आणि दोन दिवसांच्या आतल्या प्रत्येक बदलाला ठरावीक रक्कम द्या. रक्कम लहान असली तरी चालेल. पैसे द्यावे लागले की मॅनेजर शिफ्ट बदलण्याआधी दोनदा विचार करतो, आणि बदल कमी होणं हाच यातला खरा लाभ आहे.

पाचवा, शिकवणाऱ्याचं पद आणि भत्ता. वर्क परमिटवरची माणसं बदलत राहतात आणि दर वेळी नव्याला शिकवतो तो जुना स्थानिक. दुसऱ्या पायरीतला तो रकाना आठवा. तिथे महिन्याला चारपेक्षा जास्त दिवस निघत असतील तर ती नोकरीतली वेगळी जबाबदारी आहे, तिला नाव आणि पैसे द्या.

एक मार्ग मात्र कधीच धरू नका. ओळखीच्यांच्या, नातेवाईकांच्या नावाने सीपीएफ भरून कागदावर स्थानिक वाढवणं. हा गुन्हा आहे. परवान्यासाठी खोटी माहिती दिल्यास २०,००० डॉलरपर्यंत दंड, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि न दिसणाऱ्या त्या सहकाऱ्यांचं काम खरे स्थानिक करत असतात. त्यांना ते कळतं.

ऑफिसच्या कामात गणित वेगळं, पण पद्धत हीच. तिथल्या एम्प्लॉयमेंट पासला कोटा नाही. एम्प्लॉयमेंट पाससाठी सप्टेंबर २०२३ पासून कॉम्पास ही गुणपद्धत आहे आणि ४० गुण लागतात. कंपनीतल्या त्याच राष्ट्रीयत्वाच्या माणसांचं प्रमाण आणि स्थानिकांचं प्रमाण या दोन्हींचे गुण त्यात आहेत. अर्जाआधी १४ दिवस मायकरिअर्सफ्युचर या सरकारी नोकरी-संकेतस्थळावर जाहिरात द्यावी लागते. इथे चार्टच्या जागी मुलाखतींची नोंद तपासा. आतल्या कर्मचाऱ्याने अर्ज केला होता का, त्याला कारणासह उत्तर गेलं का, किती दिवसांत गेलं. केवळ चौदा दिवस भरण्यासाठी मुलाखतीला बोलावल्याचं आतल्या माणसाच्या लगेच लक्षात येतं, आणि बढतीच्या अंगात ते पुढच्याच फेरीत दिसतं.

प्रत्येक फेरीनंतर दोन आठवड्यांच्या आत एक पानाचा निकाल कर्मचाऱ्यांच्या सूचनाफलकावर लावा: पाच अंगांचे आकडे, चार्टचे आठ रकाने, आणि पुढच्या महिन्यात बदलणाऱ्या दोन गोष्टी. दोनच लिहा. त्या दोन्ही पुढच्या चार्टमध्ये दिसल्या तर पुढच्या फेरीला पेटीत कागद भरून येतील. दिसल्या नाहीत तर पेटी रिकामी येईल.